गणित सोडण्याआधी काजूचे टरफल पाहावे

प्रश्न : आमचा सावंतवाडीजवळ काजू प्रक्रियेचा लहान कारखाना आहे. मुलगी अकरावीत असून तिने गणित आणि जीवशास्त्र असे दोन्ही विषय घेतले आहेत. वनस्पतींपासून प्लास्टिक व वैद्यकीय साहित्य तयार करण्याच्या क्षेत्रात जाण्याची तिची इच्छा आहे. त्यासाठी गणित सोडून पुढे बायोटेक्नॉलॉजी घ्यावी, असे तिला वाटते. हे योग्य होईल का? – एक पालक, सिंधुदुर्ग

उत्तर : सप्रेम नमस्कार. आपल्या कन्येने निवडलेले क्षेत्र नावावरून जीवशास्त्राचे वाटले, तरी त्यातील बहुतेक काम रसायनशास्त्राचे आणि रासायनिक अभियांत्रिकीचे आहे. म्हणून गणित मुळीच सोडू नये.

याचे उदाहरण आपल्याच कारखान्यात आहे. गर काढल्यावर उरलेल्या टरफलांतील ज्या तेलाने कामगार महिलांच्या हातांची कातडी सोलवटते आणि ज्याच्यापासून बचाव म्हणून त्या हातांना राख चोळतात, त्या तेलात मुख्यतः ॲनाकार्डिक आम्ल असते. तेल तापवले की या आम्लातून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कार्डेनॉल उरते. कार्डेनॉलच्या रेणूत फिनॉलचे, म्हणजे सहा कार्बनचे, कडे असते आणि त्याला पंधरा कार्बनची लांब शेपटी जोडलेली असते. कड्यामुळे त्याचे फॉर्माल्डिहाइडशी रेझिन (तापवल्यावर कडक होणारा राळेसारखा पदार्थ) बनते, जे वाहनांच्या ब्रेक लायनिंगमध्ये वापरतात. शेपटीमुळे लवचिकपणा येतो व पाणी दूर राहते, म्हणून जहाजांना द्यायच्या इपॉक्सी रंगांचे हार्डनरही (रंग घट्ट करणारा घटक) कार्डेनॉलपासून करतात. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत (एनसीएल) कार्डेनॉलपासून नवी पॉलिमर (प्लास्टिकसारखे लांब साखळीच्या रेणूंचे पदार्थ) घडवण्याचे संशोधन झालेले आहे.

वैद्यकीय बाजूचे उदाहरण एरंडाचे देतो. एरंडेल तेलापासून सेबॅसिक आम्ल मिळते. मेंदूतील गाठ काढल्यावर त्या पोकळीत ठेवायच्या, कर्करोगाचे औषध हळूहळू सोडणाऱ्या चकत्यांना अमेरिकेत 1996 मध्ये मान्यता मिळाली. त्यांच्या पॉलिमरचा एक घटक हेच आम्ल आहे.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे, कारण तो विद्यार्थ्यांइतकाच कंपन्यांच्या जाहिरातींतही आढळतो. वनस्पतीपासून बनले म्हणजे ते कुजणारच, असे नसते. नायलॉन 11 एरंडेलापासून बनते, पण सहजी कुजत नाही; उलट पॉलिकॅप्रोलॅक्टोन सहसा खनिज तेलापासून बनवतात, तरी ते शरीरात सावकाश विरघळते, कारण त्यातील एस्टर बंध पाण्याने तुटतात आणि नायलॉनमधील अमाइड बंध तसे सहज तुटत नाहीत. असे का होते, हे शोधताना कन्येचा वेळ आनंदात जातो की तिला कंटाळा येतो, हे आपण जरूर पाहावे. माझ्या मते गुणपत्रिकेपेक्षा ही परीक्षा अधिक खरी आहे.

बारावीनंतर एमएचटी-सीईटी किंवा जेईई देऊन मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत (आयसीटी) पॉलिमर, तेल किंवा सरफेस कोटिंग या शाखा घेता येतील. नागपूरची लक्ष्मीनारायण संस्थाही याच परंपरेतील आहे. अभियांत्रिकी नको असेल, तर जवळच्या महाविद्यालयात रसायनशास्त्रात बी.एस्सी. करून ‘जॅम’ परीक्षेद्वारे आयआयटीत एम.एस्सी. करण्याचा मार्ग खुला आहे आणि त्यात कमीपणा काहीच नाही. जीवशास्त्र तिने बारावीपर्यंत अवश्य ठेवावे, पुढे ऊती आणि पेशी समजून घेताना ते उपयोगी पडेल.

नोकरीविषयी स्पष्ट लिहितो. पदवीनंतरच्या पहिल्या संधी बहुधा रंग, रेझिन, चिकटद्रव्ये यांच्या कारखान्यांत मिळतात. शरीरात वापरायच्या साहित्याचे संशोधन करायचे असेल, तर पीएच.डी.पर्यंतची तयारी ठेवावी लागते, शिवाय चाचण्या व परवानग्यांत वर्षे जातात. म्हणजे शिक्षणाचा हा काळ बारावीनंतर सुमारे दहा वर्षांचा धरावा आणि त्याचा विचार घरात आताच व्हावा.

यंदाच्या हंगामात आपली टरफले ज्या तेल गिरणीत जातात, तेथे तिला एक दिवस घेऊन जावे. तेल कोणत्या तापमानाला काढतात, त्याची प्रत कशी तपासतात आणि ते पुढे कोण विकत घेते, हे तिने स्वतः विचारून वहीत टिपावे. तेलाला हात मात्र लावू देऊ नये.