पाळक चालले, लग्न ठरलंय: आमच्याकडे काय चुकलं ते सांगतो

जय ख्रिस्त, ताई. तुमचे पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, सप्टेंबरअखेर चालले, त्यांच्या जागी कोण येणार ते ठरलेलं नाही, डिसेंबरात मंडळीत, म्हणजे तुमच्या चर्चमध्ये, एक लग्न आहे, आणि कमिटीतले वडीलधारे म्हणतात, ‘देव पाठवील, आत्तापासून धावपळ म्हणजे अविश्वास.’ तुमची पोस्ट वाचून आमची अकरा वर्षांपूर्वीची बैठक आठवली. वाक्यसुद्धा तेच होतं. फक्त ते म्हणणारा मी होतो.

मुंबईतल्या एका लूथरन (धर्मसुधारक मार्टिन लूथरच्या परंपरेतल्या) मंडळीत मी नऊ वर्षं चिटणीस होतो. तमिळ घरं जास्त, आम्ही मराठी पंधराएक. सकाळी तमिळ उपासना, संध्याकाळी चारला मराठी. सिनडला (मंडळ्यांच्या वरच्या संस्थेला) पत्र, रविवारच्या प्रवचनांची वाटणी, बँकेतल्या सह्या हे तुम्हाला माहीत असणारच, त्यात जात नाही. मी वकील नाही आणि दीक्षित पाळकही नाही, हेही आधीच सांगतो.

पाळक नसतानाच माझ्या पुतणीचं लग्न आलं. कुणीतरी सुचवलं की ओळखीचे एक निवृत्त पाळक मुलाकडे ठाण्याला राहायला आलेत, आयुष्यभर दुसऱ्या राज्यात सेवा केलीय. मी फोन केला, ते आनंदाने हो म्हणाले. प्रवचन इतकं छान झालं की माझ्या भावाने रुमाल काढला. मग मागच्या खोलीत विवाह नोंदवही उघडली. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून निळ्या शाईत सही केली आणि खाली आपला परवाना क्रमांक लिहिला. पानावर कन्फेटीचे चमकते कागद पडले होते. ते मी झटकले, वही मिटली, कपाटात ठेवली. तो क्रमांक वाचला नाही.

चार महिन्यांनी जावयाच्या परदेशातल्या नोकरीसाठी लग्नाचा दाखला लागला. एका कचेरीत गेलो. नाव घेत नाही, कुठेही गेलात तरी खिडकी तशीच असते. पहिल्या दिवशी साहेब जेवायला गेले होते. दुसऱ्या खेपेला शेजारच्या इमारतीत पाठवलं, तिथून परत पहिल्या. तिसऱ्या खेपेला एका बाईंनी त्या निळ्या आकड्यावर पेनाचं टोक टेकवून विचारलं, ‘हे महाराष्ट्रातले आहेत का?’ पुढे काय करायचं ते मात्र कुणी सांगेना. ‘लेखी द्या’ म्हणाले. लेखी दिलं तर ‘असं नाही, तसं’ म्हणाले. यात तीन महिने गेले.

झालं होतं असं. भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याखाली (१८७२चा, अजून तोच चालतो) पाळकाला लग्न लावायचा परवाना राज्य सरकार देतं आणि तो त्या राज्यापुरताच असतो. बिशपच्या हातून दीक्षा झालेल्यांचं कलम वेगळं आहे; तुमचे पाहुणे पाळक कशात बसतात ते त्यांनाच विचारा. आमच्या पाळकांचा परवाना दुसऱ्या राज्याचा, आणि त्या वेगळ्या कलमातही ते बसत नव्हते. वकील म्हणाला, वाद घालत बसू नका, विशेष विवाह कायद्याखाली नव्याने लग्न करा. म्हणजे ३० दिवसांची नोटीस आणि तीन साक्षीदार. त्या नोटिशीत वधूची स्थिती लिहायची असते. पुतणी तेव्हा पाच महिन्यांची गरोदर होती आणि कचेरीच्या फलकावर तिच्या नावापुढे ‘अविवाहित’ लागलं होतं. महिनाभर. भाऊ नाताळापर्यंत माझ्याशी बोलला नाही. त्या वृद्ध पाळकांना मी आजवर काही कळू दिलेलं नाही, चूक माझीच होती.

आता अविश्वासाबद्दल. माझं मत कुणाला कडू लागेल. बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये, पहिला अध्याय काढा. येशूच्या बारा प्रेषितांतली यहूदाची जागा रिकामी होती. पेत्राने आधी पात्रता सांगितली, बर्सबा आणि मत्थिया अशी दोन नावं पुढे आली, मग प्रार्थना, मग चिठ्ठ्या. नुसती प्रार्थना करून कुणी वाट बघत बसलं नव्हतं. आणि आपण तर लूथरन. १५३०च्या ऑग्सबर्ग कन्फेशनचं, म्हणजे आपल्या मूळ श्रद्धापत्राचं, चौदावं कलमच आहे की रीतसर पाचारण (सेवेसाठी बोलावणं) झाल्याशिवाय कुणी मंडळीत जाहीर शिकवू नये, बाप्तिस्मा, प्रभुभोजन असे संस्कार देऊ नयेत. रीतसर म्हणजे कागदोपत्रीसुद्धा, असं मी आता धरून चालतो. ‘मला स्वप्नात पाचारण झालं’ म्हणत दर पाळकबदलात एक तरुण उगवतोच. त्याला चहा पाजा, वेदी देऊ नका. लूथर चांभाराच्या आणि दाईच्या कामालाही पाचारणच मानायचा. मग चिटणिसाने वही नीट वाचणं त्यात का नको? लहान कॅटेकिझममध्ये, म्हणजे त्याच्या प्रश्नोत्तरांच्या पुस्तकात, प्रभूच्या प्रार्थनेतल्या ‘रोजची भाकर’ याचा अर्थ सांगताना त्याने चांगलं सरकारही घातलंय. त्या खिडकीसमोर उभा असताना मला ही ओळ फार वेळा आठवली, आणि चांगल्या मनाने नाही.

विषय निघालाच आहे म्हणून सांगतो, पाळकाचं घर भाड्याचं असेल तर लिव्ह अँड लायसन्सचा करार पाळकाच्या नावाने करू नका, मंडळीच्या नावाने करा. आमचं डिपॉझिट परत मिळायला वर्ष गेलं. नव्या पाळकाला मुलं असतील तर त्यांच्या शाळेचं आत्ताच विचारा. जूननंतर मुंबईत प्रवेश मिळणं म्हणजे दिव्य. आणि प्रभुभोजनासाठी महिन्यातून एकदा दीक्षित पाळक मिळाले तरी पुरे, बाकीच्या रविवारी मंडळीतल्या वडीलधाऱ्यांपैकी कुणी छापील प्रवचन वाचून दाखवलं तर काही बिघडत नाही. आमच्याकडे तेव्हा उलट उपस्थिती वाढली होती, का ते विचारू नका.

डिसेंबरच्या लग्नाचं मात्र या रविवारच्या बैठकीपर्यंत थांबवू नका. जे कुणी लग्न लावणार त्यांच्याकडून परवान्याची झेरॉक्स मागा आणि त्यावर राज्य कुठलं आहे ते स्वतः वाचा. मागायला संकोच वाटेल, मलाही वाटला होता, म्हणून तर मी मागितली नाही. वेळही बघा: आपल्याकडे लग्नविधी सकाळी सहा ते संध्याकाळी सातच्या आतच लावायचा असतो, आणि तुम्ही लिहिलंय की हॉल साडेसातपासून मिळतोय. जेवण साडेसातला ठेवा, विधी चर्चमध्ये पाचला उरका. मुलीच्या वडिलांना आज रात्रीच फोन करा, पत्रिका छापायला गेल्या नसतील तर बरं.