वाचकांचे प्रश्न : दहा दिवसांचा हिशेब

प्रश्न : अटलांटाजवळच्या एका सरकारी शाळेत मी आठवड्यातून एकदा गणित शिकवायला जाते. सातवीतल्या एका कृष्णवर्णीय मुलाला ‘उद्धट वागला’ म्हणून चार दिवस घरी बसवलंय. त्याची आई मला विचारते, आता काय करू? (एक वाचक, जॉर्जिया)

उत्तर : आधी कागद मागायला सांगा. ‘आज त्याला घेऊन जा’ एवढाच फोन आला असेल, तर तो दिवस बऱ्याचदा निलंबनात धरलाच जात नाही, आणि पुढे सगळं अडतं ते दिवसांच्या मोजणीवर. आईने त्याच दिवशी ईमेल करावा : कोणता नियम मोडला, नेमकं काय घडलं, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत शाळेत यायचं नाही. ‘उद्धट’ या शब्दावर थांबू नये. कोण, कुठे, काय बोललं ते लिहून मागावं. मारामारीचा पुरावा तरी असतो; उद्धटपणा बघणाऱ्याच्या डोळ्यांत असतो. अमेरिकी शिक्षण खात्याच्या २०१५-१६ च्या आकडेवारीत सरकारी शाळांमध्ये कृष्णवर्णीय मुलगे ८ टक्के होते, पण शाळेबाहेर निलंबित झालेल्यांमध्ये २५ टक्के.

‘गॉस विरुद्ध लोपेझ’ या १९७५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाप्रमाणे अगदी छोट्या निलंबनातही मुलाला आरोप सांगावा लागतो. त्याने नाकारला तर पुरावा सांगून त्याची बाजू ऐकावी लागते. दहा दिवसांपर्यंत मात्र वकील किंवा साक्षीदारांचा हक्क या निकालाने दिलेला नाही. म्हणून तावातावाने भांडायला जाण्यापेक्षा मुलाचं म्हणणं त्याच्याच शब्दांत अर्ध्या पानावर लिहून द्यावं आणि ते दप्तरी ठेवायला सांगावं. जॉर्जियात दहा दिवसांहून जास्त काढायचं तर रीतसर सुनावणी लागते.

मुलाला खास शिक्षणाची वैयक्तिक योजना, म्हणजे तिथले लोक म्हणतात ती ‘आयईपी’, असेल तर तारखा वहीत मांडाच. सलग दहापेक्षा जास्त शालेय दिवस बाहेर ठेवायचं ठरलं, की पुढच्या दहा शालेय दिवसांत बैठक घ्यावी लागते : ज्या अडचणीसाठी ही योजना आहे, तिच्यातून हे वागणं आलं का, की शाळेनेच योजना पाळली नाही? तुटक तुटक निलंबनं मिळून दहा दिवसांवर गेली, तर त्यांचीही एक साखळी धरता येते. पण फोनवरचे ते बिनकागदी दिवस हिशेबात नसतील, तर साखळी दाखवायची कशी?

तुमच्यापुरतं : आईची लेखी संमती नसेल तर शाळा तुम्हाला त्याच्या नोंदी दाखवणार नाही, आणि ते बरोबरच आहे. आईने स्वतः मागितल्या तर ४५ दिवसांत दाखवाव्याच लागतात.

प्रश्न : घरात पैसा आला की कृष्णवर्णीय मुलग्यांच्या मागे पडण्याचा हा प्रश्न आपोआप सुटत नाही का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : नाही. अर्थशास्त्रज्ञ राज चेट्टी आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये कर आणि जनगणनेच्या नोंदी जुळवून पाहिल्या. सारख्याच उत्पन्नाच्या घरांत वाढलेल्या कृष्णवर्णीय आणि गोऱ्या मुलींची कमाई पुढे जवळपास सारखी निघाली. मुलग्यांमध्ये दरी राहिली, श्रीमंत घरांतही. जिथे गरिबी कमी, गोऱ्यांमध्ये पूर्वग्रह कमी आणि वस्तीत कृष्णवर्णीय वडील बरेच, तिथे ती अरुंद होती. स्वतःचे वडील घरी नसले तरीही! अशा वस्त्या फार थोड्या.

नोकरीच्या दारात काय होतं, ते समाजशास्त्रज्ञ देवा पेजर यांनी अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात तपासलं (२००३). सारखेच अर्ज घेऊन तरुण पाठवले. तुरुंगवासाची नोंद असलेल्या गोऱ्याला १७ टक्के ठिकाणांहून पुन्हा बोलावणं आलं, काहीही नोंद नसलेल्या कृष्णवर्णीयाला १४ टक्के.

प्रश्न : शिकागोत अशा मुलांसाठी मार्गदर्शक म्हणून वेळ द्यायचाय. कशाने खरंच फरक पडतो? (एक वाचक, इलिनॉय)

उत्तर : भाषणांनी नाही. तिथल्या ‘बिकमिंग अ मॅन’ उपक्रमात शाळेच्या वेळेतच मुलांचा छोटा गट आठवड्याला एकदा बसतो. एक खेळ असा : जोडीतल्या एकाच्या मुठीत चेंडू, दुसऱ्याला तीस सेकंदांत तो मिळवायचा. बहुतेक जण झोंबाझोंबी करतात. मग समुपदेशक विचारतो, ‘नुसता मागून का नाही बघितलास?’ शिकागो विद्यापीठाच्या चाचण्यांत उपक्रम चालू असताना हिंसक गुन्ह्यांसाठीच्या अटका ४५ ते ५० टक्क्यांनी घटल्या. पहिल्या चाचणीत मात्र कार्यक्रम संपल्यावर हा परिणाम टिकला नाही.

तुम्ही किमान एक पूर्ण शालेय वर्ष देणार असाल तरच नाव नोंदवा. दोन-तीन महिन्यांत तुटलेली जोडी मुलाला आणखी एक माणूस निघून गेल्याचा अनुभव देते.

प्रश्न : जॉर्जियाचाच मुलगा, गणितात हुशार. त्याला पुढे काय सुचवू?

उत्तर : आठवीत ‘अल्जिब्रा वन’, म्हणजे बीजगणिताचा पहिला वर्ग. बारावीपर्यंत कॅल्क्युलस गाठायचं तर नेहमीचा क्रम तिथून सुरू होतो : नववीत भूमिती, दहावीत अल्जिब्रा टू, अकरावीत प्री-कॅल्क्युलस. हा वर्ग कुणाला द्यायचा हे सातवीतच ठरतं, आणि शिक्षकाच्या शिफारशीवर सोडलं की ‘उद्धट’ मुलं गळतात. उत्तर कॅरोलिनाने तर २०१८ मध्ये कायदाच केला : परीक्षेत वरच्या पातळीचे गुण मिळाले की वरचा वर्ग आपोआप. तुमच्याकडे आईला लेखी विचारायला सांगा : निकष काय, चाचणी कधी? ती नेमकी या चार दिवसांत असेल, तर पुन्हा घेण्याची विनंती आजच करावी.

मग मेरीलँड विद्यापीठाच्या बाल्टिमोर काउंटी शाखेतली मायरहॉफ शिष्यवृत्ती पाहता येईल. १९८८ मध्ये ती कृष्णवर्णीय तरुणांसाठीच सुरू झाली. आता सर्वांना खुली आहे. तिथल्या मुलांचा अभ्यास गटाने चालतो, म्हणून तुमच्या वर्गातही त्याला एकट्याला नको, आणखी दोघांसोबत बसवा.