निवाड्यांचे जुने खंड आणि हार्वर्डचे ग्रंथालय

प्रश्न : निवाडे आता संगणकावर मिळतात, म्हणून आमच्या विधी महाविद्यालयात जुने खंड निकाली काढण्याचा विचार चालू आहे. हार्वर्ड लॉ स्कूलचे ग्रंथालय एवढे मोठे कसे झाले आणि त्यांनी जुन्या खंडांचे काय केले?
– एक वाचक, सांगली

उत्तर : हार्वर्ड लॉ स्कूलची स्थापना १८१७ सालची. आरंभीच्या काळात ग्रंथसंग्रहाची देखभाल बहुतांशी विद्यार्थ्यांवरच सोपवलेली असे. खरे वळण मिळाले ते १८७० मध्ये, विद्यार्थिदशेत याच ग्रंथालयात काम केलेले क्रिस्टोफर कोलंबस लँगडेल तेथे अधिष्ठाता झाल्यावर. कायदा केवळ व्याख्याने ऐकून नव्हे, तर मूळ निवाडे वाचून आणि त्यांतील तत्त्व स्वतः शोधून शिकायचा, असा त्यांचा आग्रह होता; आणि ही पद्धत एकदा स्वीकारली की निवाड्यांचे खंड हाताशी असल्याशिवाय वर्ग चालूच शकत नाही. रसायनशास्त्रज्ञांना जशी प्रयोगशाळा तसे आम्हाला ग्रंथालय, अशी त्यांची भूमिका होती. १८७२ मध्ये आलेले ग्रंथपाल जॉन हाइम्स अर्नोल्ड १९१३ पर्यंत त्या पदावर राहिले. माझ्या मते या वाढीचे श्रेय लँगडेल यांच्याइतकेच अर्नोल्ड यांच्या चिकाटीला आहे. १९१३ मध्येच जॉर्ज डन यांचा जुन्या इंग्रजी कायदेग्रंथांचा मौल्यवान संग्रह तेथे आला. १९०७ मध्ये उभारलेली लँगडेल यांच्या नावाची इमारतही १९२९ मध्ये वाढवावी लागली.

मात्र जतन करणे म्हणजे नुसते साठवणे नव्हे, हे एका उदाहरणावरून ध्यानात येते. १९४६ मध्ये या ग्रंथालयाने लंडनच्या एका पुस्तकविक्रेत्याकडून मॅग्ना कार्टाची, म्हणजे राजाच्या सत्तेला कायद्याची मर्यादा घालणाऱ्या इंग्लंडच्या मध्ययुगीन सनदेची, एक डागाळलेली प्रत साडेसत्तावीस डॉलरला घेतली. ती १३२७ ची नक्कल आहे, अशीच समजूत होती. पुढे ग्रंथालयाने तिची छायाचित्रे संकेतस्थळावर ठेवली, ती लंडनचे इतिहासकार डेव्हिड कार्पेंटर यांच्या पाहण्यात आली, आणि दुसरे इतिहासकार निकोलस व्हिन्सेंट यांच्यासह त्यांनी चर्मपत्राचे माप, हस्ताक्षर व शब्दन् शब्द ताडून पाहिल्यावर ती इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याने १३०० साली काढलेल्या मूळ प्रतींपैकी एक असल्याचे २०२५ मध्ये जाहीर झाले.

आता खंडांविषयी. २०१३ पासून हार्वर्डने अमेरिकी न्यायालयांच्या निवाड्यांची सुमारे ४ कोटी पाने संगणकावर आणली. त्यासाठी बहुतेक खंडांची बांधणी कापून पाने सुटी करावी लागली. दुर्मीळ खंड मात्र कापले नाहीत. कापलेले खंडसुद्धा रद्दीत गेले नाहीत. ते हवाबंद करून केंटकी राज्यातील चुनखडीच्या एका खाणीत ठेवले गेले. २०२४ पासून हे निवाडे सर्वांना विनानिर्बंध खुले आहेत.

तेव्हा आपल्या महाविद्यालयाने प्रथम प्रत्येक खंड दाखल-नोंदवहीशी ताडून पाहावा. त्यातील मजकूर संगणकावर पूर्ण आणि विनाशुल्क मिळतो का, की वर्गणी थांबताच बंद होतो, हे तपासावे. संस्थानी काळातील न्यायालयांचे खंड असतील, तर त्यांना हात लावण्यापूर्वी अभिलेखागाराशी पत्रव्यवहार जरूर करावा.