सरकारी कर्मचाऱ्यांना नीट पगार मिळाला तर बाकी नागपूरकरांना काय फायदा?

सातव्या वेतन आयोगाने १ जानेवारी २०१६ पासून केंद्रीय कर्मचाऱ्याचं किमान मूळ वेतन ७,००० वरून १८,००० रुपये केलं. एवढ्या पगाराचा माणूस शेअर बाजार खेळत नाही. तो इतवारीत महिन्याचा किराणा भरतो, पोरांच्या ट्यूशनची फी देतो, दुकानदाराची उधारी चुकवतो. पैसा गावातच फिरतो.

खरी गोम कंत्राटी कामगारांची आहे. झाडू तोच, कचरा तोच, पगार मात्र कमी. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्येच समान कामाला समान वेतनाचं तत्त्व हंगामी कर्मचाऱ्यांनाही लागू होतं असं सांगितलंय. अंमलबजावणीचं मात्र विचारूच नका! आणि परवडत नाही म्हणून सफाईवाला काम सोडून गेला, की पावसाळ्यात नाली तुंबते ती तुमच्या-आमच्याच दारात.