‘बाळंतपणाचा आजार’ म्हणून अपंगत्व पेन्शन नाकारली. भेदभावाचा मुद्दा कुठे आणि कसा मांडावा?

प्रश्न : सप्टेंबर २०१२ ते सप्टेंबर २०२२ अशी दहा वर्षं मी लष्करात शॉर्ट सर्व्हिस कमिशनवर, म्हणजे ठरावीक मुदतीच्या नेमणुकीवर होते, मेजर म्हणून मुक्त झाले. त्या वेळच्या मेडिकल बोर्डानं कमरेच्या मणक्यातल्या चकतीचा त्रास २० टक्के, नैराश्य ४० टक्के, एकत्रित ५० टक्के आणि आयुष्यभरासाठी धरलं. पण दोन्हींपुढे ‘सेवेमुळे झालेला नाही, सेवेनं वाढलेला नाही’ असा शेरा आहे. कमरेचं कारण ‘गरोदरपण’. नैराश्य ‘प्रसूती रजेत, शांतता क्षेत्रात, घरगुती ताणातून’. प्रत्यक्षात कमरेची पहिली तक्रार २०१५ मधली, बीपीईटी या लष्करी शारीरिक क्षमता चाचणीनंतरची. बाळंतपण २०१८ चं. मनोविकार तज्ज्ञाकडे मला रजेवरून परतल्यावर सात महिन्यांनी पाठवलं. पहिलं अपील फेटाळलं. दुसरं देऊन नऊ महिने झाले, उत्तर नाही. हा स्त्री म्हणून झालेला भेदभाव आहे असं न्यायाधिकरणात म्हणता येईल का? मी साताऱ्यात राहते.

उत्तर : म्हणता येईल, मॅडम, पण अर्जाचा पहिला मुद्दा म्हणून नको. नुसत्या भेदभावावर अर्ज उभा केलात तर ‘पुरुषांनाही हेच नियम आहेत’ एवढ्या एका वाक्यावर सरकारी बाजू सुटते. बोर्डानं लिहिलेलं कारण आधी तारखांनी पाडा. ते पडलं, की मग त्या जागी ‘बाळंतपण’ हा शब्द आला कुठून हा प्रश्न आपोआप उभा राहतो आणि त्याला वजन येतं.

त्याआधी मुदत. सशस्त्र दल न्यायाधिकरण कायदा, २००७ च्या कलम २१ प्रमाणे खात्यातले उपाय संपवावे लागतात. मात्र अपील देऊन सहा महिन्यांत अंतिम आदेश आला नाही तर ते संपले असं धरतात, आणि तिथून पुढे कलम २२ चे सहा महिने मोजतात. म्हणजे तुमच्या हातात साधारण तीन महिने आहेत. मध्येच आदेश आला तर त्या तारखेपासून सहा महिने. उशीर माफ होऊ शकतो, पण तरसेम सिंग निकालाचा (२००८) आधार घेऊन थकबाकी अर्जाच्या आधीच्या तीन वर्षांपुरती रोखली जाते. तुमच्या मुक्ततेला तीन वर्षं होऊन गेली आहेत, तेव्हा यापुढे गेलेल्या प्रत्येक महिन्यामागे एका महिन्याची थकबाकी जाण्याचा धोका आहे. निवृत्त व्यक्तीला राहत्या ठिकाणच्या खंडपीठात जाता येतं. तुमचं खंडपीठ मुंबईचं.

आता कमर. ही तुमची भक्कम बाजू. धरमवीर सिंग निकालात (२०१३) सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर माणूस धडधाकट आला असं मानायचं, नंतरची घसरण सेवेमुळे धरायची आणि तसं नसेल तर बोर्डानं कारणं द्यायची. सरकार म्हणेल, तो निकाल आजार सेवेमुळे झाला का हे ठरवणाऱ्या १९८२ च्या नियमांवरचा, तुम्हाला २००८ चे लागू. लागू तेच आहेत, कारण २०२३ चे नवे नियम २१ सप्टेंबर २०२३ पासूनचे. पण २००८ च्या नियमांतही सातवा नियम आहे : दावा करणाऱ्याला पुरावा द्यायला एरवी सांगितलं जाणार नाही, सेवामुक्तीनंतर १५ वर्षांनी, कागदपत्रं नष्ट झाल्यावर दावा केला तरच तो भार त्याच्यावर येतो. तुमचा दावा त्या मुदतीच्या खूप आत आहे. २०१५ ची एमआय रूमची (युनिटच्या तपासणी खोलीची) नोंद आणि तेव्हाचं वैद्यकीय श्रेणी-निर्धारण, म्हणजे एएफएमएसएफ-१५ हा लष्करी वैद्यकीय फॉर्म, हे दोन कागद पुढे ठेवले की ‘गरोदरपणाशी निगडित’ हे कारण टिकत नाही. २०१८ मधल्या घटनेनं २०१५ मधला आजार होत नसतो.

नैराश्याचं एवढं सोपं नाही, आणि इथेच बहुतेक अर्ज फसतात. नरसिंग यादव निकालात (२०१९) सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं, की मानसिक आजार भरतीच्या तपासणीत दिसेलच असं नाही. तेव्हा ‘भरतीला नोंद नव्हती’ एवढ्यावर पेन्शन मिळत नाही. इथे सेवेचा संबंध दाखवावाच लागेल. पहिला कागद एएफएमएसएफ-१० : मनोविकार तज्ज्ञाकडे पाठवताना कमांडिंग ऑफिसरनं दिलेला अहवाल. त्यात कामाचा ताण, वागण्यातला बदल, काम कसं होतं, हे असतं. बरेचदा तिथे ‘उत्तम अधिकारी, अलीकडे थकलेली’ असं काहीतरी सापडतं, आणि बोर्डाच्या ‘घरगुती ताणा’ला युनिटच्याच कागदानं उत्तर मिळतं. त्याबरोबर त्या सात महिन्यांतल्या ड्युट्या, मुलाच्या आजारपणात रजा मागून नाकारली गेली असेल तर तो अर्ज, आणि अधिकाऱ्यांची संख्या कमी असल्याचा काही लेखी पुरावा. आता एखाद्या खासगी डॉक्टरकडून घेतलेलं प्रमाणपत्र फारसं कामाचं नाही. त्या वेळचे कागदच बोलतात. प्रती नसतील तर आजच माहिती अधिकारात मागा, स्वतःची वैद्यकीय कागदपत्रं स्वतःला नाकारता येत नाहीत. उत्तराची मुदत ३० दिवस, म्हणून हे थांबवू नका.

आणि आता तुमचा मूळ मुद्दा. वैद्यकीय अधिकाऱ्यांसाठीच्या २००८ च्या मार्गदर्शिकेत मानसिक आजार सेवेमुळे झाला असं केव्हा मानायचं याची यादी आहे : युद्धक्षेत्र, अतिउंच प्रदेश, एकाकी ठाणी वगैरे. रजा नाकारल्यानं आजार वाढला असं केव्हा धरायचं, त्या यादीत तर एकुलत्या मुलाच्या आईवडिलांचा मृत्यू आहे, एकुलत्या भावाच्या बहिणीचं लग्नही आहे. बाळंतपणानंतरचं रुजू होणं, तान्ह्या मुलाचा आजार, यांचा त्यात मागमूस नाही. यादी लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर जवान पुरुषच होता, हे सांगायला तज्ज्ञ नको. लेफ्टनंट कर्नल नितीशा निकालात (२५ मार्च २०२१) सर्वोच्च न्यायालयानं नेमकं हेच धरलं : वरकरणी सर्वांना सारखा असलेला निकष स्त्रियांवर वेगळा भार टाकत असेल तर तो अप्रत्यक्ष भेदभाव. तिथेही प्रश्न वैद्यकीय निकषाचाच होता, पुरुषांना पाचव्या-दहाव्या वर्षी लावलेली शेप-१ ची (पूर्ण तंदुरुस्त वैद्यकीय श्रेणीची) अट स्त्रियांना कितीतरी वर्षांनंतर लावली म्हणून. ‘घरगुती ताण’ या शेऱ्यासाठी सेलिना जॉन निकाल (१४ फेब्रुवारी २०२४) जोडा. लग्न केलं म्हणून लष्करी परिचारिकेला काढलं होतं, न्यायालयानं ते मनमानी ठरवून ६० लाख रुपये भरपाई दिली. हे तीन परिच्छेद पुरेत. यादीच रद्द करा अशी मागणी मात्र नको; प्रकरण रेंगाळेल आणि तुमची पेन्शनही.

मागणी अशी : बोर्डाचा कारणाविषयीचा शेरा रद्द करावा, दोन्ही आजार सेवेमुळे झालेले किंवा वाढलेले मानावेत, मुक्ततेच्या दुसऱ्या दिवसापासून पेन्शनमधला अपंगत्वाचा भाग द्यावा, थकबाकी व्याजासह, आणि टक्केवारी ‘राउंड ऑफ’ करावी. रामअवतार निकालानंतर (१० डिसेंबर २०१४) हा शेवटचा लाभ मुदत पूर्ण करून गेलेल्यांनाही मिळतो. ५० च्या आतले ५० धरतात, ५० ते ७५ चे ७५. शंभर टक्के अपंगत्वाला हिशेबी वेतनाच्या (पेन्शनसाठी धरल्या जाणाऱ्या वेतनाच्या) ३० टक्के मिळतात, त्यामुळे एक लाख वेतनावर दोन्ही आजार मान्य झाले तर महिना २२,५०० रुपये, एकच झाला तर १५,०००. वर महागाई मदत वेगळी. नैराश्य हरलं तरी कमरेचे २० टक्के ५० होतात, हे लक्षात ठेवा.

एक चूक टाळा. ‘माझी फेरतपासणी करा’ असं स्वतःहून मागू नका. नव्या बोर्डानं कमर १५ टक्क्यांवर आणली तर २० ची पायरीच सुटते, आणि एस. पी. राठोर निकालाप्रमाणे (२०१९) मुदत संपवून गेलेल्याला २० च्या खाली काही मिळत नाही. टक्केवारी तुमच्या बाजूची आहे, तिला हात लावू नका. हल्ला फक्त कारणाच्या रकान्यावर.

वकिलाचा खर्च अडचणीचा असेल तर विधि सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ खाली स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयातल्या विधि सेवा प्राधिकरणात अर्ज करा. वकिलाकडे जाताना एका पानाचा तक्ता न्या : तारीख, ठिकाण, नेमणूक, आजाराची नोंद, कागद कुठे आहे. पहिली ओळ २०१५ ची हवी.