आरोग्य धोरण शिकायला लंडनला निघालेल्या डॉक्टरताईंसाठी

अंबाजोगाईच्या ताईंनी विचारलंय: बीएएमएस झालं, ३ वर्षं प्राथमिक आरोग्य केंद्रात काढली, आता आरोग्य धोरणात एमएस्सी करायला लंडनला जावं का, आणि ६ वर्षांच्या लेकीला वर्षभर आईकडे ठेवावं का? फी, शिष्यवृत्त्या, व्हिसा हे सगळं वेबसाइटवर सापडेल. मी बाकीचं लिहिते.

मी २०१२ साली लातूरहून लंडनला आले. व्हिसासाठी ठरलेली रक्कम खात्यात सलग २८ दिवस हवी, असा नियम. २३व्या दिवशी सासऱ्यांच्या छातीत कळ आली. अँजिओप्लास्टी झाली आणि जॉइंट खात्यातला पैसा दवाखान्यात गेला. पुन्हा उसनवारी, पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजणी. आज माझं काम नेमकं हेच आहे. घरखर्चाच्या १० टक्क्यांहून जास्त पैसा उपचारावर गेला की ते कुटुंब वेगळ्या रकान्यात मोजायचं. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या फायली उघडते तेव्हा त्या ओळींत मला आमचंच घर दिसतं. सासरे अजून म्हणतात, "पोरी, तुझे पैसे मी अडकवले."

निघण्याआधी स्टाटा किंवा आर, ही आकडेवारी तपासायची सॉफ्टवेअरं, शिकून घ्या, इथे १२ महिन्यांत वेळ मिळत नाही. बीएएमएसवर इथे डॉक्टरकी करता येणार नाही, पण संशोधनात तुमची ती ३ वर्षं फार मोलाची आहेत. ओपीडीचं रजिस्टर कसं भरतात, महिनाअखेरीस कोणता आकडा बसवतात, हे पाहिलेला माणूस वर्गात क्वचित असतो. पुढच्या नोकऱ्या मात्र अनुदानावरच्या, २-३ वर्षांच्या. अनुदान ज्या प्रश्नाला, त्यावरच काम. मी मराठवाड्यात दवाखान्यापायी होणाऱ्या कर्जांवर काम करायचं म्हणून आले आणि मधली ६ वर्षं इंग्लंडमधल्या म्हाताऱ्या माणसांच्या देखभालीवर गेली. काम चांगलंच होतं, पण मी ज्यासाठी आले होते ते राहून गेलं.

अभय आणि राणी बंग बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्समध्ये शिकले आणि परत जाऊन गडचिरोलीत राहिले. ३९ गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवलं, नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले, १९९९ मध्ये ते लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. हा निबंध मी दरवर्षी शिकवते. त्या संध्याकाळी मला जेवण जात नाही.

एकटेपणाची फार काळजी करू नका. पहिला हिवाळा सरला की सवय होते.

लेकीचं मात्र सांगते. तेव्हा मुलं सोबत आणता यायची, मी आणली. २०२४ पासून अशा कोर्सला ती सोय नाही. माझी लेक लातुरात इंग्रजी माध्यमात होती, तरी इथल्या शाळेनं तिला इंग्रजी कच्चं असलेल्या मुलांत बसवलं. बाईंनी मला बोलावून सांगितलं, घरीही इंग्रजीच बोला. मी एका शब्दानं विचारलं नाही, का म्हणून. त्याच रात्री जेवताना इंग्रजी सुरू केलं. आता ती १९ वर्षांची आहे. आजोबांचा फोन आला की दोघांच्या मध्ये बसून मी भाषांतर करते.

म्हणून तुमची लेक वर्षभर आजीकडे राहिली तर मला त्यात वाईट काही दिसत नाही. रोज फोन करा. आणि वर्ष संपल्यावर परत यायचं की नाही, हे निघण्याआधी नवऱ्याशी बोलून ठेवा. आम्ही ते बोललोच नव्हतो.