लाल सिलिंडर: तेच ते प्रश्न, परत एकदा

फायर एक्स्टिंग्विशरबद्दल, म्हणजे आग विझवायच्या लाल सिलिंडरबद्दल, फिरून फिरून तेच विचारलं जातं, म्हणून एकदमच उत्तरं देतोय.

घरासाठी कुठला घेऊ?

एबीसी पावडरवाला (लाकूड-कागद, पेट्रोलसारखी द्रवं आणि गॅस, तिन्ही आगींवर चालणारा), घरातल्या सगळ्यात अशक्त मोठ्या माणसाला उचलता येईल एवढाच. पावडरचा धुरळा श्वासात जातो, म्हणून कुणाला दमा असेल तर घ्यायच्या आधी जाणकाराला घर दाखवा.

कढईतल्या तेलाने पेट घेतला तर पाणी टाकू का?

अजिबात नाही. पाणी तेलाखाली जातं आणि तिथे त्याची वाफ होते, 1 लिटरची साधारण 1700 लिटर, ती पेटतं तेल चौफेर उडवते. गॅस बंद करा, झाकण कडेने सरकवून ठेवा, आणि विझलं का म्हणून उचलून बघू नका, हवा लागली की परत भडकतं. तेलासाठी वेट केमिकलवाला, म्हणजे तेलावर फेसाचा थर धरणाऱ्या द्रवाचा, सिलिंडर मिळतो. पावडर जवळून जोरात मारली तरी तेल उडतंच.

काटा हिरव्यात आहे, तरी सर्व्हिसवाला रिफिल करा म्हणतो. लुबाडतोय का?

असेलही, नसेलही. काटा फक्त प्रेशर दाखवतो, आत पावडरचा गठ्ठा झालाय का ते नाही. सीओटूवाल्याला (कार्बन डायऑक्साइड गॅसच्या) तर काटाच नसतो, तो वजन करून तपासतात. पण नुसता स्टिकर बदलून बिल फाडणारे भरपूर आहेत, तेव्हा तुमच्यासमोर वजन करायला लावा आणि काय काय केलं ते लिहून घ्या. शंका वाटली तर दुसऱ्या लायसनवाल्याला दाखवा.

चालतो का बघायला जरासा दाबला, परत टांगून ठेवला. चालेल ना?

नाही, लगेच रिफिलला द्या. पावडर व्हॉल्व्हमध्ये अडकते आणि प्रेशर हळूहळू निघून जातं.

आधी सिलिंडर मारून बघायचा, नाही जमलं तर फायर ब्रिगेडला फोन, बरोबर?

चूक, आणि याच चुकीची मला सगळ्यात जास्त धास्ती वाटते. 6 किलोचा सिलिंडर 15-20 सेकंदांत संपतो, 1 किलोचा आठ-दहा सेकंदांत, आणि त्यातले निम्मे सेकंद तर लोक ज्वाळांच्या शेंड्यावर मारण्यात घालवतात. मग दुसरा शोधा, शेजाऱ्याला हाका मारा, आणि फोन कधी, तर खोलीत धूर भरल्यावर! आधी ओरडा, सगळ्यांना बाहेर काढा, एकजण फोन करेल, आणि आग कचऱ्याच्या डब्याएवढी असेल, पाठीमागे दार मोकळं असेल, तरच हात घाला. पिन ओढताना लिव्हर दाबू नका, दाबला की पिन अडकते आणि घाबरलेला माणूस आणखी जोरात दाबतो. दोन-तीन मीटरवरून बुडाशी मारा, डावीकडून उजवीकडे. सिलिंडर संपला आणि आग आहेच, तर तो तिथेच टाकून बाहेर पडा, दार ओढून घ्या. विझली तरी फोन रद्द करू नका, आत कुठे धुमसतंय ते त्यांनाच बघू दे. हे वाचून येत नाही, जवळच्या फायर स्टेशनला विचारून एकदा हातात धरून शिका.

ई-स्कूटरची बॅटरी पेटली तर ऑनलाइन मिळणारा फायर बॉल (आगीत फुटून पावडर उडवणारा गोळा) टाकला की विझते म्हणे?

म्हणे! लिथियम बॅटरी आतून तापत राहते, तिला भरपूर पाण्याने थंड करावं लागतं, विझली वाटली तरी काही तासांनी परत पेटू शकते, आणि धूर विषारी. लांब व्हा, फोन करा.

सिलिंडर टांगायचा कुठे?

बाहेर पडायच्या वाटेवर, दाराजवळ. शेगडीच्या डोक्यावर नाही, कपाटात तर नाहीच.